वीतभर अंतरावरून

१२ जानेवारी
वसतिगृह, खोली ३१४

प्रिय बाबा,

आधी एक काम कर. चष्मा काढून टेबलावर ठेव, चाळिशी शोधायच्या भानगडीत पडू नकोस, आणि हा कागद डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धर. सगळं नीट वाचता येईल तुला, मला माहीत आहे. असं का सांगते आहे ते शेवटी कळेल. वर्तमानपत्र तू मागच्या पानापासून उघडतोस हे मी जन्मभर बघत आले आहे, पण या वेळी कृपा करून तसं करू नकोस. पहिल्या पानापासून क्रमाने वाच.

फोनवरच बोलले असते, पण आपल्या घरात फोनवर बोलतं कोण? तू आधी "हं" म्हणतोस. मग माझ्याकडे बर्फ किती पडला ते विचारतोस, मी काही सांगायच्या आत तूच रेडिओवर ऐकलेला आकडा सांगतोस, आणि "बरं, ठेवतो." गेल्या रविवारी तर बर्फाचंही विचारलं नाहीस. नुसतं "हं" आणि "ठेवतो". डोळ्यांच्या कॉलेजच्या मुलाखतीला मी तुझ्या गाडीतून येणार नाही म्हणाले त्याला आज आठ दिवस झाले, आणि आठ दिवस तू घुम्यासारखा बसला आहेस. हेल्मी आत्या मात्र घुमी नाही. तिने फोन करून मला पाऊण तास झाडलं. "बापाची लाज वाटते का गं तुला? रस्तेखात्याचं जाकीट घालून तो त्या कॉलेजच्या दारात उभा राहिला तर तुझी जागा जाईल काय? रजा टाकलीये त्याने तुझ्यासाठी, ट्रकचं तेल बदललंय, आणि तू म्हणे बसने जाणार!"

जे सांगायचं होतं ते आधी तुलाच सांगायला हवं होतं, आणि चार तारखेला माझी हिंमत झाली नाही. लाजेचं म्हणशील तर ते जाकीट घालून, पाठीवरचे केशरी पट्टे चमकवत तू माझ्या शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसलास आणि मला एकदाही लाज वाटली नाही. आठवीत थोडी वाटली होती. पण ते सोड.

तुला वाटतं अर्ज केला, बोलावणं आलं, झालं. तू तर गेल्या जूनमध्येच गावभर सांगून मोकळा झालास की लेम्पी डोळ्यांची डॉक्टर होणार. बाजारात तुरी! मी तेव्हा अर्जसुद्धा भरला नव्हता. पेट्रोल भरायला गेले तर पंपावरच्या वर्नरने नळी तशीच गाडीत लटकत ठेवली आणि खालची पापणी ओढून मला डोळा दाखवला. "काहीतरी खुपतंय बघ आत. तुझा बाप म्हणाला, तू शिकतेस म्हणून." चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तीन म्हाताऱ्यांनी आपापले चष्मे काढून माझ्या हातात दिले आणि काड्या घट्ट करून मागितल्या. मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी होते बाबा, बेडकाच्या आतड्यापलीकडे मला फारसं काही कळत नव्हतं. काड्या मात्र दिल्या घट्ट करून.

या चार वर्षांत मी काय काय केलं ते एकदा ऐकच, कारण तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. सेंद्रिय रसायनशास्त्र दोनदा घेतलं. पहिल्यांदा अर्ध्यात सोडलं, दुसऱ्यांदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाकी पोरं सरोवरावर पोहत असताना, कार्बनच्या साखळ्या काढून काढून बोटाला घट्टा पाडून घेतला. त्या साखळ्यांचा माणसाच्या चष्म्याशी संबंध काय, हे अजून एकाही प्राध्यापकाने मला सांगितलेलं नाही. भौतिकशास्त्रात भिंगं आणि प्रकाश शिकवतील म्हणून खुशीत गेले, तर भिंगांना तीन आठवडे आणि उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्यांना अख्खं वर्ष. मग प्रवेश परीक्षा. पाच तास. केंद्राच्या दारात एका बाईने माझे खिसे उलटे करायला लावले, बाह्या वर करायला लावल्या, आणि शेवटी म्हणाली, चष्मा काढ. काड्यांच्या आत काही लिहून आणलंय का ते तिला बघायचं होतं. डोळ्यांच्या कॉलेजची परीक्षा, आणि मी तिथे भिंत चाचपत उभी! पहिल्या खेपेला भौतिकशास्त्रातच आपटले. तुला फोन करून रडले. तू म्हणालास, "पुन्हा दे. ठोकळे काही बदलणार नाहीत." त्या वर्षातलं तुझं ते सर्वांत लांब बोलणं होतं. आणि दुसऱ्या खेपेला ठोकळे खरंच तेच होते.

त्यानंतर अर्ज. त्यात शाळेनंतर शिकलेला प्रत्येक विषय, प्रत्येक सत्र, प्रत्येक श्रेणी स्वतःच्या हाताने भरायची. विद्यापीठ तेच सगळं त्यांना वेगळं पाठवतं, तरीही. मी पहिल्या वर्षी हौसेने कुंभारकाम घेतलं होतं, तेही भरलं. डोळ्यांच्या दवाखान्यात बसून किती तास नुसतं बघितलंत, त्याची सही-शिक्क्यानिशी नोंद. शिवाय एका डोळ्यांच्या डॉक्टरचं शिफारसपत्र, आणि ते पत्र मी जन्मात कधी वाचायला मागणार नाही अशी माझी सही. म्हणजे डॉ. पेनहेलनी माझ्याबद्दल काय लिहिलंय ते त्या अनोळखी कॉलेजातल्या पाच माणसांना माहीत आणि मला नाही. एकदा मी आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तू स्टुलावर छान बसतेस, असं लिहिलंय."

सगळ्यांत जास्त छळलं ते निबंधाने. हाच व्यवसाय का निवडता, ते सांगा. आमच्याकडे अर्जांचं मार्गदर्शन करणाऱ्या ओस्टरहाउट बाई आहेत. त्यांनी दारावर कागदच चिकटवलाय: "पानं नकोत." कारण प्रत्येक जण तेच लिहितो. मी लहान होतो, मला चष्मा लागला, दुकानातून बाहेर आलो आणि काय आश्चर्य, झाडाला वेगवेगळी पानं असतात! बाई म्हणतात, दरवर्षी चाळीस निबंध आणि चाळीस झाडं. मी म्हटलं, माझ्या निबंधात पानं येणंच शक्य नाही. मला चष्मा लागला फेब्रुवारीत, आणि आमच्या गावात मे उजाडेपर्यंत झाडावर औषधालाही पान सापडत नाही. "मग काय दिसलं तुला?" त्यांनी विचारलं. अकरा वेळा लिहून फाडलेल्या निबंधात जे नव्हतं ते मी त्यांना तिथे उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, बस खाली आणि हेच लिही.

काय सांगितलं ते तुला माहीत नाही. आई गेल्यावर तू पहाटे चारला रस्त्यांवरचा बर्फ काढायला निघायचास आणि आत्या विणकामाची पिशवी घेऊन आपल्याकडे यायची. साडेसहाच्या सुमारास तुझी बर्फ ढकलणारी गाडी आपल्या रस्त्यावरून जायची, तेव्हा ती मला स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टुलावर उभी करायची. "हात कर बापाला." मी हात करायचे. मला ऐकू यायची ती घरघर, आणि दिसायचे दिव्यांचे पसरट गोळे आणि मध्ये एक पिवळा डाग. तो डाग गाडीचाच काहीतरी भाग असेल असं मी धरून चालले होते. तिसरीत बाईंच्या लक्षात आलं की मी फळ्याकडे बघतच नाही, नुसती ऐकते. मग तू मला चष्मा करून आणलास. दुसऱ्या दिवशी पहाटे स्टुलावर उभी राहिले तर तो पिवळा डाग म्हणजे तुझ्या केबिनमधला दिवा! आपल्या घरासमोर आलास की तू आतला दिवा लावायचास, कानटोपीतलं तोंड खिडकीकडे वळवायचास आणि हात वर करायचास. मी ओरडले, "आत्या, बाबा पण हात करतोय!" आत्याने टाका मोजता मोजता म्हटलं, "अगं, चार वर्षं करतोय तो." चार वर्षं तू रोज हात करत होतास आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी तो निबंध पाठवला, आणि मुलाखतीच्या बोलावण्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलंय की आम्हाला त्या पिवळ्या दिव्याबद्दल आणखी ऐकायचं आहे. बाबा, मला बोलावलंय ते तुझ्या हातामुळे.

आता थँक्सगिव्हिंगचं आठव. जेवणानंतर तू वर्तमानपत्र घेऊन बसलास आणि चाळिशी न लावता धडाधड वाचायला लागलास, खालच्या बारीक जाहिरातींसकट. वर ऐट काय! "एकसष्टी आली माझी, आणि डोळे चाललेत उलटे, तिशीकडे. ती चाळिशी देऊन टाक हेल्मीला." आत्याने सगळ्या टेबलाला सांगितलं की कँगस घराण्याचे डोळे मुळात तेज असतात, आईकडून मला बिघडलेले आले. त्याच दिवशी तिने हेही सांगितलं की नोव्हेंबरच्या गावसभेत तू उठून दहा मिनिटं बोललास. तू! हल्लीच्या मोटारींचे पांढरे दिवे कसे राक्षसी आहेत, समोरून आले की रस्ता कसा नाहीसा होतो, यावर बंदी कशी घालायला हवी. सभा गार पडली म्हणे. मला इतका अभिमान वाटला की परत आल्यावर मी सगळ्या मजल्याला सांगितलं, माझे बाबा सभेत बोलले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आत्याकडे सौना, वाफेची अंघोळ. आधी पुरुष, मग बायका, नेहमीसारखं. तू अंग पुसून बाहेरच्या ओट्यावर थंड होत बसला होतास. आम्ही आत जाताना मी माझा चष्मा फळीवर तुझ्या चष्म्याशेजारी ठेवला, आणि दोन्हींच्या काळ्या फ्रेमा एकसारख्या, कारण दोन्ही डॉ. पेनहेलच्या स्वस्तातल्या खोक्यातल्या. मी बाहेर येऊन उरलेला चष्मा घातला तर सगळं धूसर. मला वाटलं वाफ बसली असेल. पुसला, पुन्हा पुसला. शेवटी हात चाचपत स्वयंपाकघरात आले, तर तू माझा चष्मा घालून गोड निसू पावाचा तुकडा कॉफीत बुडवत बसलेला, आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर तारखांसकट मोठ्याने वाचत होतास. "कुणी पुसला गं माझा चष्मा? लख्ख झालाय. हेल्मी, तुझ्या सुरकुत्यासुद्धा मोजता येताहेत!" आत्याने तुझ्या डोक्यात फडका मारला. काय हसलो आपण! मीही हसले. हसत हसत तुझ्या नाकावरून माझा चष्मा काढून घेतला, तुझा तुला दिला. तू तो घातलास, कॅलेंडरकडे पाहिलंस आणि म्हणालास, "पुन्हा वाफ धरली याने." माझा नंबर उणे साडेतीन आहे बाबा. तुझा उणे एक. माझ्या भिंगांतून तुला सगळं धूसरच दिसायला हवं होतं. हे दोन्ही आकडे मला पाठ आहेत, आणि तरी मी उठून आणखी एक पावाचा तुकडा घेतला.

दोन तारखेला, शनिवारी, डॉ. पेनहेलकडे माझे शेवटचे चार तास होते. एकशेसाठ तास झाले एकूण. त्या स्टुलावर बसून मी एक गोष्ट शिकले आहे. "मला दिसत नाही" असं आपल्या भागातला माणूस डॉक्टरलाही सांगत नाही. तो सांगतो की दिव्यांत दम राहिला नाही, छापणारे शाई कमी घालतात, पाट्या लावणाऱ्याला अक्कल नाही. त्या दिवशी आलेला म्हातारा मात्र खुशीत होता. लाकूड तोडणारा माणूस, हाताची दोन बोटं नाहीत, आणि खुर्चीत बसून डॉक्टरला सांगतोय, "काही तक्रार नाही हो, मुलीने आणलं म्हणून आलो. माझे डोळे उलट तरुण व्हायला लागलेत. वर्तमानपत्र बिनचष्म्याचं वाचतो." डॉ. पेनहेलनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या अशाच मध्येच परीक्षा घेतात. मी घडाघडा म्हटलं, मोतीबिंदू, भिंगाच्या मधोमध धरणारा. भिंग आतून घट्ट आणि पिवळं होत जातं, त्यामुळे जवळचं फुकटात दिसायला लागतं आणि लांबचं जातं, जुना चष्मा पुरत नाही, समोरचे दिवे फुटल्यासारखे पसरतात. "शाब्बास," त्या म्हणाल्या. मी वहीत त्या चार तासांची नोंद केली, त्यांची सही घेतली, कोट घातला, खाली तुझ्या ट्रकपाशी आले, आणि किल्ली कुलपात घालताना माझा हात तिथेच थांबला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काउंटीतल्या अर्ध्या लोकांच्या डोळ्यांत मी एकशेसाठ तास डोकावत होते, आणि घरी जेवायला तुझ्यासमोर बसत होते.

घरी आले तर तू अंगणात रस्त्याकडेच्या टपालपेटीचा नवा खांब तासत होतास. "त्या लाहतीच्या दारची पेटी जुनी झाली होती, पडली." गेल्या एकतीस वर्षांत तुझ्या गाडीच्या बर्फ ढकलणाऱ्या पात्याने एकही पेटी पाडली नाही, हे तूच मला शंभर वेळा ऐकवलंस, आणि या हिवाळ्यात ही तिसरी. तिन्ही तू कोणाला न सांगता स्वतः परत उभ्या केल्यास. तेव्हा मला कळलं की तुलाही माहीत आहे. निदान थोडंसं तरी. आपला रस्ता डोळे मिटूनही साफ करीन असं तू म्हणायचास तेव्हा मला ती फुशारकी वाटायची. इतका संताप आला मला तुझा! तिथेच ओरडायला हवं होतं. पण मला स्वतःचीच खात्री नव्हती. मी कोण? डॉक्टर नाही, प्रवेशही मिळालेला नाही, माझ्या नावावर एक कुंभारकामाची श्रेणी आणि स्टुलावरचे एकशेसाठ तास. मी स्वतःला म्हटलं, आधी एकदा बघते आणि मग बोलते.

ती बघितलेली गोष्ट सांगायलाच हे पत्र आहे. चार तारखेला, सोमवारी, मी सव्वासहाला उठले आणि लाल कोट चढवून बाहेर गेले, अंगणाच्या टोकाला आपल्या टपालपेटीपाशी. खिडकीत नाही. अंगणातला दिवा मी लावून ठेवला होता. तुझी गाडी वळणावरून आली. मी हात वर केला, दोन्ही हात केले. घरासमोर येताच तुझ्या केबिनमधला पिवळा दिवा लागला. तू कानटोपीतलं तोंड खिडकीकडे वळवलंस, हसलास, आणि हात वर केलास, त्या रिकाम्या खिडकीला. मी तुझ्यापासून पाच पावलांवर होते बाबा. तुझ्या पात्यावरचा बर्फ माझ्या गुडघ्यांवर येऊन पडला आणि तू निघून गेलास. रस्त्याच्या पुढच्या टोकाला कोस्कीची दोन मुलं शाळेच्या बससाठी रोज त्यांच्या टपालपेटीपाशी अशीच उभी असतात, आणि त्यांचे कोट काळे आहेत. आठ वाजता तू न्याहारीला आलास, मांस-बटाटा भरलेली पॅस्टी कापलीस, आणि म्हणालास, "आज लवकर उठलीस गं. दिसलीस मला खिडकीत." मग लगेच म्हणालास, मुलाखतीसाठी सत्तावीसला पहाटे चारला निघू, पूल ओलांडला की नाश्ता करू. मी म्हटलं, नको, मी बसने जाईन. तू "हं" म्हणालास आणि बाहेर जाऊन काढून झालेला बर्फ पुन्हा काढत बसलास. आणि मी, जिला सगळं दिसलं होतं, बॅग भरून विद्यापीठात निघून आले. त्यानंतरच्या प्रत्येक सकाळी साडेसहाला मला जाग येते आणि कोस्कीची मुलं आठवतात. मी भित्री आहे. ते तुझ्याकडून आलंय, आईकडून नाही. तर आता ऐक. हे पत्र खाली ठेवलंस की मुकादमाला, ड्वेनला, फोन कर आणि डोळे तपासेपर्यंत गाडीवर येत नाही म्हणून सांग. शनिवारी सौना पेटायच्या आत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, मग जन्मभर "हं" म्हणालास तरी चालेल. मंगळवारी, एकोणीस तारखेला, सकाळी दहाला डॉ. पेनहेलनी तुझ्यासाठी वेळ ठेवली आहे. ट्रक आत्या चालवेल. तिला मी आज फोन करून एवढंच सांगणार आहे की लाज वाटते ती माझी मला. तिथला अक्षरांचा तक्ता पाठ करून जाऊ नकोस, डॉक्टर अक्षरं बदलतात. मी म्हणते तेच, मोतीबिंदूच, निघालं तर एकेका डोळ्याच्या शस्त्रक्रियेला अर्धा तासही लागत नाही, आणि हिवाळा संपायच्या आत तू परत गाडीवर असशील. मी चुकले असेन तर सगळ्या गावात माझी टिंगल कर, पंपावरच्या वर्नरपासून सुरुवात कर. अठ्ठावीसला मुलाखतीत ते पिवळ्या दिव्याचं विचारतील, मी सांगेन, पण खिडकी रिकामी होती ते नाही सांगणार, ते आपल्या दोघांतलं. आता चष्मा घाल. मार्चच्या सुट्टीत येईन तेव्हा साडेसहाला मी पुन्हा टपालपेटीपाशी उभी असेन, लाल कोट घालून. बघू, दिसते का तुला.

तुझीच,
लेम्पी